बारा आठवड्यांची कोवळीक

मी बारा आठवडे मागितले होते. लग्नाला सोळा वर्षं झाली. त्यात सासऱ्यांचं आजारपण काढलं, नणंदेची दोन बाळंतपणं केली, नवऱ्याने तीन नोकऱ्या बदलल्या तेव्हा तीनदा बिऱ्हाड हलवलं, आणि या सगळ्याबद्दल कुणाकडे कधी काही मागितलं नाही. चाळिसाव्या वर्षी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, बारा आठवडे मला कुणी हाक मारू नका. तेवढंही या घराला जमलं नाही. मी हे रागाने सांगते आहे आणि तो राग झाकून ठेवायचा माझा विचार नाही.

मी शर्वरी मुरुडकर, राहणार लातूर. अकरा वर्षं मी एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसून फोन उचलत होते. मेडिकलच्या प्रवेशासाठी मुलांना गावोगावहून इथे आणून सोडणारे आईबाप दिवसभर फोन करायचे. बंटी जेवला का, बंटीचे मार्क का घसरले, बंटी फोन का उचलत नाही. मी "हो सर, बघते मॅडम" म्हणायची. संध्याकाळी घरी आले की तेच काम पुढे चालू, फक्त सर आणि मॅडम हे शब्द गाळून.

माझा नवरा स्वप्नील त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घरूनच, कॅमेऱ्यासमोर बसून. अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. म्हणजे त्याला समजलं नव्हतं, अशी सबब त्याला नाही.

जाहिरात पाणीपुरवठ्याची होती. श्रवण-निरीक्षक, सहा पदं, कायम. आमच्याकडे आता पाणी आठव्या दिवशी येतं, तेही दोन तास. त्या दोन तासांत जमिनीखाली जेवढं गळून जातं त्यात आणखी एक वॉर्ड भागला असता. पाइपांवर आवाज टिपणारी यंत्रं बसवली आहेत, पण लोक नळाला मोटरी लावून पाणी ओढतात. मोटरीची घरघर आणि गळतीची फरफर यात यंत्राची गल्लत होते. ते सांगेल तिथे रस्ता खोदावा तर निम्म्या वेळा कोरडी माती. माणसाच्या कानाला मात्र फरक कळतो, फक्त तो कान वीस-पंचवीस वर्षं पाइपाला लावलेला हवा. असे कान असलेली दोन माणसं होती, दोघंही निवृत्त झाली. तिसरा कान तयार होईपर्यंत पंचवीस वर्षं तहानलेलं राहायला शहर तयार नव्हतं. म्हणून कोवळीक.

ते काय असतं ते सांगते. लहान मूल शेजाऱ्यांची भाषा खेळता खेळता उचलतं आणि आपल्याला त्याच भाषेचे क्लास लावून चार वाक्यं धड येत नाहीत. कारण लहानपणी मेंदूतल्या पेशींचे जोड ओले असतात. मूल जे ऐकेल तसे ते जुळतात. मग पेशींभोवती हळूहळू एक जाळी धरते, आणि जोड पक्के होतात. ते बरंच आहे. नाहीतर रस्त्यावरच्या प्रत्येक हॉर्नने आपला मेंदू बदलला असता. कोवळीकीचं औषध ही जाळी विरघळवतं. आधी शिरेतून औषध देतात, मग डोक्यावर टोपी चढवून ध्वनिलहरींनी ते फक्त ऐकण्याच्या भागात जागं करतात. बारा आठवडे तेवढा भाग तान्ह्या मुलासारखा होतो. त्यानंतर जाळी आपोआप पुन्हा धरते, आणि त्या काळात जे उमटलं ते कायम.

आमच्या सोसायटीच्या अंगणात कोबा केला तेव्हा तो ओला असताना एक कुत्रं त्यावरून चालत गेलं. त्याची पावलं अजून आहेत. कोब्याला काय कळतं, कोण चालतंय ते.

सोलापूरच्या केंद्रातल्या डॉक्टर बिराजदारांनी मला नेमकं हेच बजावलं होतं. "धडा कुठला आणि गोंगाट कुठला, हे मेंदूला कळत नाही. जो आवाज पुन्हा पुन्हा येतो तो बसतो. आणि ज्या आवाजाला तुम्ही उठून ओ देता, तो सगळ्यात खोल बसतो. तुम्ही इथे वसतिगृहातच राहा, असं मी सांगेन."

मी राहणारच होते. पण स्वप्नील म्हणाला, "घरी काय कमी आहे? वरची खोली रिकामी आहे. ओवीचं नववीचं वर्ष, तू सोलापूरला जाऊन बसणार? मी आहे ना. मी बघतो सगळं." आणि मी हो म्हणाले. तो एक मूर्खपणा माझा. तो मी कुणाच्या डोक्यावर थापत नाही.

केंद्राने दिलेला नियमांचा कागद फ्रिजवर लागला. स्वप्नीलने आम्हाला समोर बसवून पाऊण तास समजावलं. मी, आमची चौदा वर्षांची ओवी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. त्याने पेशी काढल्या, जाळी काढली, लाल खडूने औषध काढलं. खरं सांगते, डॉक्टरांपेक्षा छान समजावलं. ओवीने टाळ्या वाजवल्या.

आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे हिनं बारा आठवडे बाजूला बसायचं. शिवायचं न्हाई, हाक मारायची न्हाई, ताट दारातून सरकवायचं."

स्वप्नील हसला. "आई, हे विज्ञान आहे. विटाळ नव्हे."

"आसू दे की. नियम तर तेच हायेत."

त्यांच्या सासरी, खेड्यात, बाईला चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसवायचे. थंडीत एक घोंगडं, वेगळा तांब्या. ते ऐकून माझं रक्त उकळायचं, आजही उकळतं. पण त्या दिवशी आत्याबाई जे म्हणाल्या ते मी आधी कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "लई वंगाळ होतं बग ते. पर एक सांगू? त्या चार दिवसात मला कुणी हाक मारत नसे. घरात आग लागली तरी दुसरीला बोलवायचे. मी तिथं बसून चार गोधड्या शिवल्या. महिन्यात तेवढंच माझं म्हणून काय ते हुयाचं."

आणि या बाईने, जिला पेशी म्हणजे काय ते ठाऊक नाही, माझं दार राखलं.

औषध घेऊन मी सोलापूरहून परतले, आणि पाच आठवडे बाहेरून कुणी खोलीचं दार उघडलं नाही. ताट पाटावर ठेवून आत्याबाई बोटाच्या नखाने दारावर एक टिचकी मारायच्या आणि निघून जायच्या. खाली ओवीने "आईऽ" म्हणून सूर लावला की तिचं तोंड दाबल्याचा आवाजसुद्धा वर येत नसे, इतकं चोख काम. शेजारच्या काकू चौकशीला आल्या तर त्यांना जिन्याखालीच अडवलं. "ती शिकूलालीय. बाजूला बसलीय. वर जायचं न्हाई." काकू म्हणे चाट पडल्या.

आणि मी आत काय करत होते? ऐकत होते. कानावर मोठा हेडफोन, दिवसाचे नऊ तास. बिडाच्या पाइपाची गळती, प्लास्टिकच्या पाइपाची गळती, सांध्यातली, तळातली, खडकातली, काळ्या मातीतली. पहिला आठवडा सगळं एकच खसखस. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी काळ्या मातीतली गळती मला अचानक वेगळी ऐकू आली, जशी दोन बहिणींमधली धाकटी ओळखू यावी तशी. मी एकटीच खोलीत हसले. चौथ्या आठवड्यात अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आणि एकची मोटर कळायला लागली. केंद्राची चाचणी दर शनिवारी हेडफोनवरच व्हायची. पाचव्या शनिवारी माझे शंभरात बहात्तर. डॉक्टरांचा लेखी निरोप आला, "असंच चालू ठेवा." चाळिशीत आपल्याला काहीतरी येतंय, याचा आनंद काय असतो ते मी सांगू शकत नाही. मला काउंटरवरची ती फिरती खुर्ची आठवायची आणि वाटायचं, सुटले.

सहाव्या आठवड्यात उदगीरची नणंद स्कूटरवरून पडली. पायाला प्लास्टर, पदरात दोन लहान पोरं. आत्याबाईंना जाणं भाग होतं. निघताना त्यांनी माझ्या उंबऱ्यात लाकडी पाट आडवा ठेवला आणि लेकाला म्हणाल्या, "हा वलांडायचा न्हाई. कुनीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट उचलून कपाटामागे गेला. स्वप्नीलच्या अंगठ्याला ठेच लागली होती.

"अगं, सॉरी हं, एकच विचारायचं होतं. गॅसवाल्याचा ओटीपी तुझ्या फोनवर आलाय का?"

सुरुवात ही अशी झाली. मी हेडफोन काढला, उठले, ओटीपी दिला. माझं चुकलंच. मग डाळीला हिंग आधी की मोहरी. मग ओवीचा निळा टी-शर्ट. मग कुरिअर. मग कुकरची शिट्टी होत नाही, बघतेस का जरा. ओवी खालून "आईऽ" म्हणायची आणि मी जिन्यात असायची. स्वप्नील दार जेमतेम वितभर उघडायचा, अगदी हळू आवाजात, फार समंजसपणे "अगं" म्हणायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

मी भांडले नाही असं नाही. फ्रिजवरचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, मान डोलावली, पुन्हा नीट चिकटवला. त्या संध्याकाळी पुन्हा दार उघडलं. "अगं, तू म्हणालीस ते पटलं मला. फक्त तेवढं सांग, कागदाला लावायची चिकटपट्टी कुठे असते?"

हे सगळंही मी गिळलं असतं. आठव्या आठवड्यात त्याने जे केलं ते गिळणं शक्य नाही.

दुपारचा लाइव्ह तास होता. धडा ध्वनीचा. सतराशे मुलं ऑनलाइन. कॅमेरा हातात घेऊन स्वप्नील जिना चढला. मी हेडफोनमध्ये खडकातली गळती ऐकत होते, मला पत्ता नाही. दाराबाहेर उभा राहून तो मुलांना सांगत होता, "विद्यार्थ्यांनो, या दारापलीकडे आत्ता, या क्षणी, एका चाळीस वर्षांच्या मेंदूला तान्ह्या बाळाचे कान फुटले आहेत. त्यावर एकही नको असलेला आवाज पडता कामा नये." मग त्याने दार उघडलं. "अगं, एक मिनिट. मुलांशी दोन शब्द बोलतेस?"

सतराशे मुलांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. कॅमेऱ्यात मी आहे. हेडफोन गळ्यात, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर हसू. लाज वाटते ती त्या हसण्याची. ती चित्रफीत क्लासने नंतर जाहिरातीत वापरली.

बाराव्या आठवड्यानंतर सोलापूरला अंतिम चाचणी झाली. गळती ओळखण्यात शंभरात एकतीस. पद मिळायला ऐंशी लागत होते.

डॉक्टर बिराजदार शांत बाई आहेत. त्या म्हणाल्या, "तुमचे कान कच्चे राहिले असं नाही. उलट फार पक्के झालेत. कशात ते बघायचंय का?" त्यांनी काही आवाज लावले. माझ्या हेडफोनला खोलीतले आवाज टिपणारा माइक होता, त्यातले, आणि काही दुसऱ्या घरांतले. चार घरांचे कुकर एकामागून एक वाजले, मी आमचा ओळखला. आमच्या कुकरची शिट्टी व्हायच्या दीड सेकंद आधी माझा हात वर गेला, फुसफुशीवरून. जिन्यावरची पावलं ऐकून मी सांगितलं, हा स्वप्नील, चिडलेला आहे आणि हातात कप आहे. शंभरात नव्व्याण्णव.

"आता एक शेवटचा," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

"अगं," स्वप्नीलचा आवाज आला.

मी उभी होते. कधी उठले ते मला कळलं नाही. खुर्ची मागे कलंडली होती.

"पापणी लवायच्या आत," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "हे आता तुमच्या हातात नाही, शर्वरीताई. गरम तव्यावरून हात काढण्याइतकंच आपोआप आहे."

मी विचारलं, "किती दिवस राहील?"

त्यांनी माझी कलंडलेली खुर्ची उचलून सरळ ठेवली. मी काय ते समजले.

परत काउंटरवर बसले. तिसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, "अगं, पावती घे." आणि मी फोन हातात धरून ताडकन उभी. बाकीच्या मुली हसल्या. आवाज स्वप्नीलचा नव्हता, तरी शब्द पुरेसा होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मग लक्षात आलं की नळाच्या वायसरमधून गळतंय का, हेही मला धड कळत नाहीये.

त्या रविवारी जेवताना माझा स्फोट झाला. आत्याबाई उदगीरहून परतल्या होत्या. मी स्वप्नीलला म्हणाले, "तू माझं तेच आयुष्य पुन्हा दारातून आत ढकलून दिलंस. वितभर दार उघडून."

"मी? अगं, मी तर तुझ्यासाठी..." त्याने "अगं" म्हटलं आणि मी उभी राहिले. भांडणाच्या मध्यात, हातात भाकरीचा तुकडा, आणि मी त्याच्यापुढे हुकूम ऐकायला उभी. ओवी खाली बघायला लागली. मी परत बसले.

"हे बघ," तो म्हणाला, "मी विचारायला यायचो हे खरं. पण तू उठायचीस कशाला? मी तुला उठ म्हणालो होतो का? तू नुसती बसून राहिली असतीस तर मी गेलो असतो."

"मी उठले नसते तर कुकर जळला असता आणि तू तीन दिवस तोंड पाडून बसला असतास."

"म्हणजे दोष माझ्या तोंडाचा?"

"हो."

"सतराशे मुलांसमोर कौतुक केलं मी तुझं! कोण नवरा करतो?"

"कौतुक करायला तुला दार उघडावं लागलं. बाहेरून कौतुक होत नव्हतं?"

तेव्हा आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं. "स्वप्न्या, तुला समदं समजत होतं का रे?"

"म्हणजे?"

"ती जाळी, ती पेशी. समजत होतं का?"

"अर्थात समजत होतं."

"मला न्हवतं समजत," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

सहापैकी उरलेल्या दोन जागा पुढच्या वर्षी पुन्हा निघणार होत्या. मी डॉक्टरांना एकच विचारलं, पुन्हा कोवळीक घेता येते का. त्यांनी मला सोलापूरला बोलावून समोर बसवून सांगितलं. येते. पण जिथे गळतीचे आवाज बसायचे होते तिथे आता घर बसलंय, फार खोल. ती जागा पुन्हा ओली करायची तर औषध दुप्पट लागेल, आणि दुप्पट औषधाने आधी उमटलेलं खरवडून निघेल. "शब्द कळतील, गाणं कळेल. पण आवाजावरून माणूस ओळखण्याची ताकद तुमच्यात याच घरच्या आवाजांभोवती घट्ट झालीय. ती जाईल. मुलीने मागून हाक मारली तर हाक ऐकू येईल, ती मुलीची आहे हे कळणार नाही. नंतर हळूहळू, वर्षांनी, थोडंफार येईल. मी खात्री देत नाही."

"आणि 'अगं'वर उठणं?"

"तेही जाईल."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा स्वप्नील खराखुरा हादरला. "ओवीचा आवाज विसरणार तू? नोकरीसाठी? कुठली आई असं करते?"

"जिला दुसरा रस्ता ठेवला नाहीत, ती आई."

"काउंटरवरची नोकरी वाईट आहे का? पगार वेळेवर आहे. माणसं ओळखीची आहेत."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. याला वाटतं प्रश्न पगाराचा आहे. रोज सकाळी उठून कुणाचा तरी "अगं" व्हायला मी तयार नाही, हे याला लाल खडूने काढून दाखवलं तरी दिसलं नसतं.

ओवी रडत होती. तिच्याकडे बघून माझं काळीज पिळवटलं, आणि खोटं का बोलू, त्याच वेळी तिचाही राग आला. "आईऽ, माझं पेन" असं बावन्न वेळा म्हटलं होतं तिने एका आठवड्यात. हेडफोनने मोजून ठेवलंय. पण चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या बापाने जे करताना दाखवलं तेच ती करणार. मी तिला जवळ घेतलं. मी म्हणाले, "तुझा चेहरा कुठे जात नाही, बाळा. तुझं बोलणं कुठे जात नाही."

"पण माझा आवाज?"

मी तिला आणखी जवळ ओढलं.

सगळ्यात जास्त जड गेलं ते आत्याबाईंना सांगणं. पाच आठवडे जिने तोंडातून शब्द काढला नाही, तिचाही आवाज बाकीच्यांबरोबर जाणार होता. चूक एकाची आणि शिक्षा सगळ्यांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हाक मारायची कशाला? मी येऊन हात लावीन तुला. घरी मातर ऱ्हाऊ नगंस या टायमाला."

मी सही केली. या वेळी वसतिगृह. दाराला कडी आतून, फोन केंद्राच्या कपाटात. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. झोपेतून जागी होऊन मी ओवीची हाक मनात ऐकायचा प्रयत्न करायची. आधी ती यायची, नेमकी, "आ"वर जोर आणि "ई" लांबवलेली. मग शब्द यायचा आणि सूर नुसता पुसट. एके सकाळी "आई" हा शब्द छापल्यासारखा आला, कुणाचाच नसलेला. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी नऊ तास काळी माती ऐकली.

अंतिम चाचणीत ब्याण्णव. नेमणुकीचं पत्र महिन्याभरात हातात आलं. पहिल्या फेरीत मी नांदेड नाक्याच्या पुढे पाइपाला ऐकायची दांडी लावली, यंत्राने दाखवलेल्या जागेपासून सोळा पावलं मागे गेले आणि म्हणाले, इथे खोदा. मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन हातांवर चिखल लागला आणि चिखलातून पाणी उसळलं. मुकादम मला "मॅडम" म्हणाला. काउंटरवर मी दुसऱ्यांना म्हणायची त्या शब्दात मला पहिल्यांदाच माझं काम दिसलं.

त्याच रविवारी दुपारी मी घरी जेवायला बसले होते. गरम वरण-भात, लिंबू, वर तूप. आत्याबाई समोर होत्या, स्वप्नील बाजूला फोन बघत. मागून कुणीतरी बोलत होतं. घरात कुणी ना कुणी बोलतच असतं. मी जेवत राहिले. भात कालवून घास तोंडात घालेपर्यंत तो गरम असतो, ही गोष्ट मला या घरात नवीन होती.

मग ओवी टेबलाला वळसा घालून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"आई, मी तीनदा हाक मारली."

"तिन्ही ऐकू आल्या मला," मी म्हणाले. "कुणाच्या होत्या ते कळलं नाही."

स्वप्नीलने फोन खाली ठेवला. "बघितलंस? बघितलंस काय करून ठेवलंस हे?" तो मला म्हणाला. मला. माझ्या अंगात आग उठली, पण मी जागची हलले नाही. माझं अंग आता माझ्या ताब्यात होतं. आत्याबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो गप्प झाला.

मी ओवीचा हात धरून तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "माझ्याकडे तोंड करून बोल. काय म्हणत होतीस?"

तिने नाक पुसलं. बापाकडे एकदा पाहिलं आणि मग फक्त माझ्याकडे.

"मोठी झाल्यावर मलाही कोवळीक घ्यायचीय. मला पण काहीतरी शिकायचंय, तुझ्यासारखं. घेऊ?"

"घे," मी म्हणाले. "पण या घरात नाही."